वाचकांचे प्रश्न : बोअरच्या पाण्याला सिक्लिड मानवतील का?

प्रश्न : आमच्या घरी चार वर्षांपासून तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच असा फिश टँक आहे. त्यात निऑन टेट्रा, गप्पी, मॉली, दोन एंजल आणि काचेला चिकटून शेवाळ खाणारा एक सकर असे मिश्र मासे आहेत. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे टँकसाठी बोअरचेच पाणी वापरतो. टेट्रा मात्र दोन-तीन महिन्यांत मरतात आणि पुन्हा आणावे लागतात. आता मुलांना आफ्रिकन सिक्लिड हवे आहेत. दुकानदार म्हणतात की आहेत त्या माशांतच दर महिन्याला दोन-चार सिक्लिड सोडत जा. तसे करावे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तसे करू नये; पण सिक्लिड जरूर ठेवावेत, आणि त्याचे कारण मुलांच्या हट्टापेक्षा तुमच्या बोअरमध्ये आहे. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला दोन शिट्या जास्त लागतात, साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, ते पाणी ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ (कमी क्षारांच्या) आणि किंचित आम्ल पाण्यातून आलेल्या निऑन टेट्राला मानवत नाही. याउलट पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे पाणी अल्कधर्मी असून त्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप; ७ म्हणजे उदासीन) साधारणपणे ७.७ ते ८.६ असतो. तिथल्या खडकाळ किनाऱ्यालगत राहणारे सिक्लिड, ज्यांना तिकडे ‘म्बुना’ म्हणतात, आपल्याकडच्या पाण्यात आर.ओ.चा थेंबही न मिसळता वाढतात. मलावीचे पाणी आपल्या बोअरइतके जड, म्हणजे क्षारांनी भरलेले, नसते, हे खरे. परंतु पाणी थोडे अधिक जड झाल्याचे हे मासे सोसतात, मऊ आणि आम्ल झाल्याचे सोसत नाहीत. सिक्लिडचे कुळ आपल्याला परकेही नाही. मासळीबाजारात पाटीभर दिसणारी चिलापी सिक्लिडच आहे आणि तुमचे एंजलही सिक्लिडच आहेत. मात्र एंजल दक्षिण अमेरिकेतले असल्यामुळे म्बुनांसमोर त्यांना हे नाते उपयोगी पडणार नाही.

आधी पाणी तपासावे, आणि तेही बोअरमधून काढल्या काढल्या तपासू नये. जमिनीतून वर आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि त्यामुळे पीएच खोटाच कमी दिसतो. बादलीत एअरपंप लावून पाणी रात्रभर ठेवल्यावर खरा आकडा कळतो. केवळ टीडीएस मीटरवर भिस्त ठेवू नये, कारण तो एकूण क्षार सांगतो, कॅल्शियम किती आणि मीठ किती हे सांगत नाही. इमारतीत पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवला असेल तर त्याच्या आधीच्या नळाचे पाणी घ्यावे. शेतशिवारातली बोअर असेल तर नायट्रेटही पाहावे. टँकरचे पाणी घेण्याची वेळ आलीच, तर त्यात ब्लीचिंग पावडर असते असे धरूनच चालावे आणि दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेट आधी टाकावे.

आता अदलाबदलीचा क्रम. मासे बदलायचे, फिल्टर बदलायचा नाही, एवढे एक सूत्र धरले तरी निम्मे काम होते. चार वर्षे चाललेल्या फिल्टरच्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वसलेले असतात, आणि सिक्लिडच्या टँकमध्ये त्यांची गरज अधिक असते. पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच ८.२ आणि पाणी २८ अंश सेल्सिअस असले की तोच भाग १० टक्क्यांच्या आसपास जातो. मी स्वतः पहिल्या अदलाबदलीच्या वेळी हौसेने सगळा टँक धुतला, स्पंजही क्लोरीनयुक्त पाण्याच्या नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला, आणि आठवडाभरात निम्मे मासे गमावले. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा.

टेट्रा आणि एंजल मऊ पाण्याची सोय असलेल्या कुणाला द्यावेत. गप्पी घरच्या सिमेंटच्या हौदात सुखाने राहतात आणि डासांच्या अळ्याही खातात. सकर मात्र कोणत्याही परिस्थितीत मांजरा, गोदावरी किंवा गावच्या तलावात सोडू नये. तो तिथे टिकतो आणि पसरतो. मॉली सिक्लिड आणण्याच्या दिवसापर्यंत टँकमध्येच ठेवाव्यात, कारण रिकाम्या टँकमधले जिवाणू उपाशी मरतात. त्या दिवशी रंगीत खडी, झाडे आणि लाकूड काढावे. दगड थेट काचेवर न ठेवता प्लास्टिकच्या जाळीवर रचावेत आणि मगच भोवती वाळू घालावी. आधी वाळू आणि वर दगड असा उलटा क्रम केला, तर हे मासे तोंडाने वाळू उपसून दगडाचा पाया मोकळा करतात आणि ढीग काचेवर कोसळतो. आपल्याकडचा काळा दगड पाण्यात काही सोडत नाही. शहाबादी फरशीचे तुकडेही चालतात, फक्त त्यांच्या धारा घासून घ्याव्यात. दगडांत सगळ्या माशांना लपता येईल इतक्या कपारी हव्यात, आणि प्रत्येक कपारीला दुसरी वाट हवी.

तुमच्या टँकचे आकारमान सुमारे १६० लिटर आहे. दगड-वाळू वजा जाता १३० लिटर पाणी धरावे. ‘मिक्स आफ्रिकन’ या नावाने विकली जाणारी पिले घेऊ नयेत, कारण त्यांत ऑराटस हा भांडखोर म्बुना हमखास निघतो आणि वयात आलेला एक ऑराटस नर तीन फुटांचा सगळा टँक आपलाच मानतो. यलो लॅब आणि रस्टी या दोन मवाळ जातींची मिळून दहा-बारा पिले एकाच दिवशी आणावीत. थोडीथोडी आणली तर आधी आलेले मासे जागा वाटून घेतात आणि नव्याला कोपऱ्यात पिटाळतात. वाढल्यावर प्रत्येक जातीत एका नरामागे तीन माद्या राहतील असे पाहावे आणि जास्तीचे नर परत करावेत. खाद्य स्पिरुलिनाचे (शेवाळासारख्या हिरव्या पुडीचे), थोडे आणि शक्यतो दोन वेळा द्यावे. या माशांना रोज ब्लडवर्म (लाल अळ्या) दिले की पोट फुगू शकते, आणि ते दुखणे सहसा बरे होत नाही.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. या माशांना २४ ते २७ अंश पाणी मानवते आणि आपल्याकडे बाहेर पारा ४२ वर जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून दुपारी झाकण काढून पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडावा. तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र उडून जाते ते नुसते पाणी, क्षार मागेच राहतात. रोजची घट बोअरच्या पाण्याने भरत गेलात तर जूनपर्यंत टँकमधले क्षार साठत जातील. ती घट आर.ओ.च्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने भरावी आणि आठवड्याला पाव टँक बोअरच्या पाण्याने बदलावा. वीज गेली की बॅटरीवरचा एअरपंप सुरू करावा आणि येईपर्यंत खाद्य देऊ नये.

प्रश्न : यलो लॅबबरोबर ऑस्करची एक जोडी ठेवता येईल का? टँक चार फुटांचा आहे.
— एक वाचक, बीड

उत्तर : नाही. ऑस्करही सिक्लिडच, पण दक्षिण अमेरिकेतला. फुटापर्यंत वाढणारा आणि मांसाहारी. त्याचे खाद्य लॅबला बाधते आणि लहान लॅब त्याच्या तोंडात मावते. चार फुटांत एकटा ऑस्करच शोभेल.

प्रश्न : माझ्या यलो लॅबपैकी एक मासा दहा दिवसांपासून काही खात नाही. त्याचा जबडा सुजल्यासारखा दिसतो. दुकानातून औषध आणले आहे. ते टाकू का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : औषध बाटलीतच राहू द्यावे. मासा खाद्याजवळ येऊन तोंड न उघडता मागे फिरतो का आणि घशाखालचा भाग मधूनमधून चघळल्यासारखा हलतो का, हे बॅटरीच्या उजेडात शांतपणे पाहावे. तसे असेल तर ती मादी आहे आणि तिच्या तोंडात अंडी आहेत. म्बुनांच्या माद्या अंडी आणि नंतर पिले सुमारे तीन आठवडे तोंडातच सांभाळतात आणि त्या काळात जवळपास उपाशी राहतात. तिला जाळीने पकडायला गेलात तर घाबरून ती अंडी थुंकेल किंवा गिळेल. नर फारच पाठलाग करत असेल तर मादीऐवजी त्यालाच काही दिवस दुसऱ्या भांड्यात हलवावे. पिले बाहेर पडतील तेव्हा ती शिरू शकतील, पण मोठे मासे शिरू शकणार नाहीत, असा बारीक दगडांचा एक ढीग कोपऱ्यात आताच रचून ठेवावा.