आयझेनहॉवर पावणेचार वर्षांत कर्नलचा पंचतारांकित जनरल कसा झाला?

तुमचा प्रश्न असा की दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सेनानी ड्वाइट आयझेनहॉवर मार्च 1941 मध्ये कर्नल असतो आणि डिसेंबर 1944 मध्ये पंचतारांकित, म्हणजे खांद्यावर पाच तारे असलेला सर्वोच्च दर्जाचा जनरल होतो, तेही प्रत्यक्ष लढाईत कधी तुकडी न चालवता, तर यात वशिला नव्हता का? थोडा होता. पण त्याआधी अमेरिकी सैन्यातल्या हुद्द्यांची गंमत समजून घ्या, नाहीतर आकडे फसवतात.

तिथे कायम हुद्दा वेगळा आणि युद्धकाळातला हंगामी हुद्दा वेगळा. आपल्याकडचे प्रभारी मुख्याध्यापक आठवा: खुर्ची मोठी, सेवापुस्तकात मात्र साधे शिक्षक. फेब्रुवारी 1943 मध्ये उत्तर आफ्रिकेत आयझेनहॉवरच्या खांद्यावर चार तारे होते, तेव्हा त्याचा कायम हुद्दा लेफ्टनंट कर्नलचाच, म्हणजे कर्नलच्याही खालचा होता! तो वाढला ऑगस्ट 1943 मध्ये. युद्ध लवकर आटोपलं असतं तर सगळे तारे उतरवायची वेळ येऊ शकली असती.

आणि ही भीती काही कागदोपत्री नव्हती. पहिल्या महायुद्धात तो गेटिसबर्गजवळ कॅम्प कोल्टवर रणगाडा दलाला प्रशिक्षण देत होता आणि हंगामी लेफ्टनंट कर्नल झाला होता. फ्रान्सला जायचा हुकूम हातात पडला, आणि निघण्याआधीच युद्धविराम झाला. मग 1920 मध्ये तो कॅप्टन, दोनच दिवसांत एक पायरी वर, मेजर, 1922 मध्ये पुन्हा कॅप्टन, 1924 मध्ये पुन्हा मेजर. पुढे थेट 1936 पर्यंत मेजरच. शांततेत कर्नलपर्यंतची बढती निव्वळ ज्येष्ठतेने मिळायची आणि युद्धात भरती झालेले अधिकारी यादीत वरपर्यंत दाटीवाटीने बसलेले. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीच्या त्याच्या 1915 च्या तुकडीतल्या 164 जणांपैकी 59 पुढे जनरल झाले, पण 1930 च्या दशकात यातल्या कुणावर पैज लावायला कुणी धजावलं नसतं.

माझ्या मते त्याची खरी घडण पनामात झाली. तिथे 1922 पासून तो फॉक्स कॉनरच्या हाताखाली होता. हा कॉनर म्हणजे पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या अमेरिकी फौजेचा सेनापती पर्शिंग याच्या मुख्यालयातला मोहीम विभागाचा प्रमुख. तो छावणीच्या रोजच्या कामाचासुद्धा रणांगणावरच्या हुकुमासारखा लेखी हुकूम आयझेनहॉवरकडून काढून घ्यायचा. 1926 मध्ये लेव्हनवर्थच्या, मोहिमांची आखणी शिकवणाऱ्या स्टाफ स्कूलात आयझेनहॉवर पहिला आला, त्यात या सवयीचा वाटा मोठा. जनरल मॅकआर्थरच्या हाताखालची फिलिपिन्समधली वर्षं त्यानंतरची.

आता वशिल्याकडे वळू. 14 डिसेंबर 1941, रविवार. जपानशी युद्ध पेटून आठवडा झालेला. वॉशिंग्टनमध्ये पॅसिफिकचं काम बघणारा अधिकारी विमान अपघातात गेलेला, फिलिपिन्स माहीत असलेला माणूस तातडीने हवा होता. लष्करप्रमुख जॉर्ज मार्शलने वीसेक मिनिटं परिस्थिती सांगितली आणि विचारलं, आपण काय करावं? आयझेनहॉवरने काही तासांची मुदत मागितली आणि उत्तर टंकलिखित करून आणलं. मथितार्थ असा: फिलिपिन्सला पुरेशी कुमक वेळेत पोचणं अवघड, तरी शक्य ती मदत पाठवायची, कारण आशियातले लोक बघत आहेत, तळ मात्र ऑस्ट्रेलियात उभारायचा. मार्शलला ते पटलं. मार्शल त्याला आधी जेमतेम भेटला होता, पण शिफारशी कानावर होत्या, कॉनरचीही.

मार्शल ज्येष्ठतेवर इतका का चिडून होता, हे त्याच्याच नोकरीत दिसतं. 1918 मध्ये फ्रान्समधल्या म्यूज-आर्गॉनच्या चढाईआधी लाखो सैनिक रात्रीच्या अंधारात हलवायची आखणी करणारा हा माणूस शांततेत 1933 मध्ये, बावन्नाव्या वर्षी कर्नल झाला. 1 सप्टेंबर 1939 ला, जर्मनी पोलंडमध्ये घुसली त्याच दिवशी, तो लष्करप्रमुख झाला आणि त्याने वयस्क अधिकाऱ्यांना घरी पाठवायला मंडळच नेमलं. ओमर ब्रॅडली हा आयझेनहॉवरचा वर्गमित्र. बेनिंगच्या इन्फंट्री स्कूलात, म्हणजे पायदळाच्या शाळेत, मार्शलने त्याला जवळून पाहिलं होतं. 1941 मध्ये त्याला लेफ्टनंट कर्नलवरून थेट ब्रिगेडियर जनरल केलं, कर्नलची पायरी गाळून. ओळखीचा वशिला म्हणायचाच असेल तर तो ब्रॅडलीचा जास्त होता.