मुलाखतीचा मेल आला नाही म्हणजे नकारच का?

निपाणीहून तुम्ही विचारलंय: अमेरिकेत इंग्रजीच्या पीएचडीसाठी डिसेंबरात अर्ज केले, फेब्रुवारी संपत आला, मुलाखतीचा मेल नाही. आशा सोडू का?

इतक्यात नको. इंग्रजीचे कितीतरी विभाग मुलाखत घेतच नाहीत, थेट निर्णय कळवतात, आणि तो मार्चातही येतो. प्रतीक्षायादीत नाव लागलं तर मात्र जीव टांगणीला लागतो. आर्थिक मदतीसह जागा मिळालेल्यांना बहुतेक विद्यापीठांत 15 एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा असते. कुणी नाही म्हटलं की यादी सरकते.

बोलावणं आलंच, तर हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे 10 म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. नेमकी तेव्हाच लाईट जाते! माझ्या मुलाखतीच्या वेळी मी बेळगावात टिळकवाडीत मैत्रिणीकडे जाऊन बसले होते, तिच्याकडे इन्व्हर्टर होता म्हणून. आणि मराठीबरोबर कन्नडही वाचता येत असेल तर ते आवर्जून सांगा.