क्लाउड होस्टिंगवरून साइट हलवायची आहे, स्नॅपशॉट पुरेल का?

त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या होमस्टेची वर्डप्रेस साइट क्लाउड होस्टिंगवरून साध्या होस्टिंगवर न्यायची आहे, डॅशबोर्डमधून स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) घेऊन ठेवलाय, तेवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही भागणार. स्नॅपशॉट राहतो त्याच कंपनीकडे. बऱ्याच ठिकाणी तो उतरवूनच घेता येत नाही आणि खातं बंद केलं की तोही जातो. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचे बॅकअप तिथेच होते त्यांचे सर्व्हरबरोबर बॅकअपही गेले. तुमच्या हातात दोन गोष्टी हव्यात: साइटच्या सगळ्या फायली (विशेषतः डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर आणि कॉन्फिग फाइल) आणि डेटाबेसचा एसक्यूएल डंप (पानांचा मजकूर आणि सेटिंग्ज ज्यात असतात, त्या डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत). दोन्ही आपल्या लॅपटॉपवर उतरवा, शिवाय एक प्रत पेनड्राइव्हवर.

मी नाशिकमध्ये अशीच छोटी कामं करतो, आणि मराठी साइट म्हटली की आधी डंपची कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बघतो. डंप घेताना आणि नव्या जागी चढवताना दोन्हीकडे यूटीएफएट-एमबीफोर (utf8mb4) असायला हवी. चढवल्यावर 'आमच्या खोल्या' पान उघडून बघा. चित्रविचित्र रोमन अक्षरं दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा पूर्ववत होतात. देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मात्र त्या प्रतीतला मजकूर बहुधा गेलाच. जुन्या सर्व्हरवरून डंप पुन्हा घ्यावा लागेल. म्हणून जुना सर्व्हर इतक्यात बंद करू नका.

ही तपासणी डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी नोंद) बदलण्याआधी करायची. लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये आपलं डोमेन आणि नव्या सर्व्हरचा आयपी (आकडी पत्ता) लिहिला की फक्त तुम्हाला नवी साइट दिसते, पाहुण्यांना जुनीच. बुकिंगचा फॉर्म एकदा स्वतः भरून बघा. फोटोवर राइट क्लिक करून त्याचा पत्ताही बघा. क्लाउडवरच्या कित्येक साइट्सचे फोटो वेगळ्या बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या फायलींच्या स्वतंत्र साठ्यात, असतात. अशा वेळी नवी साइट झकास दिसते, कारण फोटो जुन्या खात्यातूनच येत असतात. खातं बंद होतं त्या दिवशी सगळ्या खोल्या कोऱ्या!

सगळं जुळलं की डीएनएस. टीटीएल (जुनी डीएनएस नोंद इतरांकडे किती वेळ साठून राहते तो काळ) आदल्या दिवशीच 300 सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो. नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलणार असाल तर मेलसाठी लागणारे एमएक्स आणि टीएक्सटी रेकॉर्ड आधी उतरवून घ्या. ते राहिले तर साइट चालू, पण चौकशीचे मेल बंद, आणि हे कोणी सांगायलाही येत नाही. डोमेन कोणाच्या नावावर आहे तेही बघाच. साइट बनवणाऱ्या मुलाच्या मेल आयडीवर निघालं तर आधी ते सोडवा, बाकी सगळं नंतर. एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं, https चं प्रमाणपत्र) फुकटात होतं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं. फक्त ते आपोआप नूतनीकरणावर टाका.

वेळ म्हणाल तर आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री, बुकिंग फॉर्म तासाभरासाठी बंद ठेवून शेवटचा डंप घ्या. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आसपास, ब्रह्मगिरी प्रदक्षिणेच्या गर्दीत, हे काम काढूच नका. 2027 च्या सिंहस्थाची बुकिंग सुरू होण्याआधी उरकलंत तर उत्तमच.

जुना सर्व्हर निदान पंधरा दिवस चालू ठेवा, भाडं भरावं लागलं तरी. आणि खातं बंद करण्याआधी सगळी बिलं उतरवून घ्या. सीए जीएसटीसाठी मागतो तेव्हा लॉगिन उरलेलं नसतं.