प्रशासनाची मुळे लष्करात शोधणारा इतिहासकार

प्रश्न : नोकरशाहीचा विषय निघाला की समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचे नाव हमखास येते. त्याच संदर्भात ओटो हिन्त्झे या जर्मन इतिहासकाराचा उल्लेख वाचला. त्यांचे वेगळेपण कशात आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वेबर यांनी नोकरशाहीचे आदर्श प्रारूप (म्हणजे तिचा शुद्ध, तात्त्विक नमुना) मांडले, हिन्त्झे (१८६१–१९४०) यांनी ती प्रत्यक्षात कोणत्या गरजेतून आणि कोणाला बाजूला सारून उभी राहिली, हे जुन्या दप्तरांत शिरून शोधले. अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव्ह श्मोलर यांच्या देखरेखीखाली अठराव्या शतकातील प्रशिया या जर्मन राज्याच्या प्रशासकीय कागदपत्रांचे संपादन करताना त्यांची ही दृष्टी घडली असावी.

राज्याची अंतर्गत रचना बाहेरच्या दबावातून, विशेषतः युद्धाच्या तयारीतून आकाराला येते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन १९०६ च्या एका निबंधात आहे. १९१० च्या निबंधात त्यांनी ‘कमिसार’ या अधिकाऱ्याचा माग काढला. सैन्याची रसद आणि पगार यांवर लक्ष ठेवण्यासाठी राजाने नेमलेला हा माणूस हळूहळू करवसुलीत, नगरांच्या कारभारात शिरला आणि स्थानिक सरदार-जमीनदारांच्या सभांचे अधिकार आक्रसत गेले. प्रशियात १७२३ मध्ये युद्ध, वित्त आणि राजाच्या खासगी जमिनी यांचा कारभार पाहणारे एकच मध्यवर्ती खाते उभे राहिले, ते या प्रक्रियेचे फळ होय. उलट समुद्राने वेढलेल्या इंग्लंडला मोठ्या खड्या फौजेची तेवढी निकड नव्हती. त्यामुळे तेथे बिनपगारी स्थानिक न्यायाधिकाऱ्यांच्या हाती कारभार राहिला. हे स्पष्टीकरण भूगोलावर जरा जास्तच भार टाकते, असे आम्हाला वाटते. पण त्याची पकड नाकारता येत नाही.

आरंभी ते प्रशियाच्या राजघराण्याचे उघड समर्थक होते. १९१८ मध्ये राजेशाही कोसळल्यावर मात्र त्यांचे लेखन अधिक तुलनात्मक होत गेले. सरंजामशाही आणि प्रातिनिधिक संस्था यांवरील त्यांचे महत्त्वाचे निबंध याच काळातले आहेत. त्यांच्या पत्नी हेडविग स्वतः इतिहासकार होत्या. ज्यू वंशाच्या असल्याने नाझी राजवटीत, १९३३ मध्ये त्यांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेण्यात आला आणि १९३९ मध्ये त्यांना नेदरलँड्समध्ये आश्रय घ्यावा लागला. हिन्त्झे यांनीही १९३८ मध्ये प्रशियाच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व सोडले.

घटनात्मक इतिहासावरील त्यांच्या मोठ्या ग्रंथाचे हस्तलिखित बहुतांशी हरवल्याने निबंधच वाचावे लागतात. जर्मन येत नसल्यास फेलिक्स गिल्बर्ट यांनी १९७५ मध्ये संपादित केलेला इंग्रजी निबंधसंग्रह पाहावा.