‘आणी’ लिहिणारी मैत्रीण आणि रात्रीचा स्पीकर

प्रश्न : माझी मैत्रीण कायम ‘आणी’ लिहिते, वर ‘माझी मदत कर’ म्हणते. फार खटकतं, सांगू का तिला?

उत्तर : सांगा ना, पण एकटीला, ग्रुपवर नको. ‘आणी’चं मी समजू शकते, कारण पाणी, गाणी, राणी असे शेवटचे इकार आपण दीर्घच लिहितो मग हात तसाच वळतो, पण शुद्धलेखनाच्या नियमात ‘आणि’ अन् ‘नि’ हे दोन अपवाद आहेत, ते ऱ्हस्वच. ‘माझी मदत कर’ मात्र मला जास्त लागतं. ते सरळ हिंदीतून आलंय, मराठीत ‘मला मदत कर’. तसंच ‘मी त्याला बोललो’ म्हणजे खरं तर त्याला रागावलो, नुसतं सांगायचं असेल तर ‘म्हणालो’ हा इतका छान शब्द आहे, तो वापरा.

प्रश्न : ट्रेनमध्ये रात्री लोक इअरफोनशिवाय व्हिडिओ बघतात. कसं सांगावं?

उत्तर : चिडायच्या आधी सांगा. मी एकदा दोन तास गप्प बसले आणि मग बोलले तेव्हा आवाज चढलाच, समोरच्या आजोबांनी घाबरून फोनच बंद केला. त्यांना आवाज कमी करायचं बटणच माहीत नव्हतं हो! मग मी शेजारी बसून दाखवलं.

आणि विमान थांबायच्या आत उठून बॅगा ओढू नका प्लीज, निसटली तर खाली बसलेल्याच्या डोक्यात पडते.