रस्त्यावरील मुलांसोबत काम सुरू करताना
रस्त्यावर दिसणारे प्रत्येक मूल अनाथ असते, हा समज तुम्ही सर्वप्रथम बाजूला ठेवावा. अनेक मुलांचे घराशी नाते टिकून असते. मंदीत आईवडिलांचा रोजगार बुडाला की घरखर्चाचा भार मुलावर येतो आणि अशा मुलाला उचलून संस्थेत ठेवले, तर त्याची कमाई थांबते, घरची गरज मात्र तशीच राहते, त्यामुळे संधी मिळताच ते परत रस्त्यावर येते. कुटुंबाला थेट आर्थिक साहाय्य मिळवून देण्याचे काम कंटाळवाणे, कागदपत्रांचे आहे, पण माझ्या मते तेच अधिक टिकते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातील कलम १२ नीट वाचा. स्वतःविषयीच्या निर्णयात मत मांडण्याचा हक्क ते मुलाला देते. याच करारावरील समितीने २०१७ मध्ये रस्त्यावरील मुलांविषयी स्वतंत्र मार्गदर्शन दिले असून मुलांची सरसकट धरपकड त्यात अमान्य ठरवली आहे.

पहिल्याच भेटीत नाव, पत्ता विचारू नका. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी नियमित जात राहा. देणगीसाठी त्यांची छायाचित्रे वापरण्याचा मोह (तो होतोच) टाळा. निधी कधी आटेल हे सांगता येत नसल्याने न पाळता येणारे आश्वासन कोणत्याही मुलाला देऊ नका.