वाचकांचे प्रश्न : एलईडी वॉलवर चित्र फिके का दिसते?

प्रश्न : लग्नसमारंभांचे व्हिडिओ शूटिंग हा आमचा व्यवसाय आहे. गेल्या महिन्यात वर्धा रोडवरील एका लॉनमध्ये रिसेप्शनचे शूटिंग आम्ही एस-लॉग ३ प्रोफाइलवर (उजळ आणि गडद तपशील टिकावेत म्हणून चित्र मुद्दाम फिके नोंदवणारी कॅमेऱ्यातील सेटिंग) केले आणि त्याच कॅमेऱ्याचे आउटपुट थेट एलईडी वॉलला दिले. वॉलवर नवरदेवाचा पांढरा फेटा मळकट आणि काळा कोट राखाडी दिसत होता. नंतर संगणकावर कलर करेक्शन केल्यावर तेच चित्र उत्तम निघाले. दोष वॉलचा होता की कॅमेऱ्याचा? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोन्ही उपकरणे ठीक असावीत, त्यांचा आपसांतला मेळ बसलेला नव्हता. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश दुप्पट पडला की त्यात साठणारा विद्युतभारही दुप्पट होतो, परंतु बाहेर पडणारा व्हिडिओ सिग्नल हे सरळ प्रमाण पाळत नाही. कॅमेरा ठरावीक वक्रानुसार प्रकाशाचे आकडे करतो आणि पडदा त्याच्या जोडीच्या वक्रानुसार त्या आकड्यांचा पुन्हा प्रकाश करतो. आकडा कोणत्या वक्राने तयार झाला हे पडद्याला कळले नाही, तर तो आपल्या नेहमीच्याच वक्राने वाचतो.

हा नेहमीचा वक्र पिक्चर ट्यूबच्या काळातला आहे. ट्यूबला मिळणारा सिग्नल आणि तिच्यातून निघणारा प्रकाश यांचा संबंध साधारणपणे २.४ या घाताचा असे, म्हणजे सिग्नल निम्मा केला की प्रकाश सुमारे १९ टक्क्यांपर्यंत उतरे. याची भरपाई घरोघरच्या प्रत्येक टीव्हीत करण्याऐवजी कॅमेऱ्यातच एकदा करणे सोयीचे होते. ट्यूब गेल्या तरी ही पद्धत टिकली आणि ती टिकली हे माझ्या मते फार चांगले झाले, कारण ती आपल्या डोळ्याच्या स्वभावाला धरून आहे. प्रकाशातला साधारण एक टक्क्याचा फरक डोळ्याला जाणवतो. ८ बिट सिग्नलमधल्या उजळतेच्या २५६ पायऱ्या सरळ प्रमाणात वाटल्या, तर २०० आणि २०१ यांच्यात केवळ अर्ध्या टक्क्याचा, तर २० आणि २१ यांच्यात तब्बल पाच टक्क्यांचा फरक राहतो, आणि मग गडद शालूच्या घड्यांवर सलग सावलीऐवजी पट्टे उमटतात. वक्रामुळे अंधाऱ्या भागाच्या वाट्याला अधिक पायऱ्या येतात. एलईडी वॉलमधले दिवे अतिजलद उघडझाप करून प्रकाश कमी-जास्त करतात, त्यामुळे त्यांचे वर्तन मुळात सरळ प्रमाणाचे असते; तरीही वॉलचा प्रोसेसर ट्यूबसारखाच वक्र मुद्दाम लावतो, कारण येणारा सिग्नल तोच गृहीत धरून बनलेला असतो. स्टुडिओतील पडद्यांसाठी हा वक्र २०११ मध्ये बीटी.१८८६ या मानकाने नेमून दिला.

आता तो फेटा पाहू. ९० टक्के प्रकाश परत फेकणारा पांढरा कपडा बीटी.७०९ या कॅमेऱ्याच्या नेहमीच्या वक्रात सुमारे ९५ टक्के सिग्नल देतो. एस-लॉग ३ मध्ये तोच कपडा ६१ टक्क्यांवर बसतो, कारण वरची जागा झुंबर, हॅलोजन, आतषबाजी अशा पांढऱ्याहून कितीतरी उजळ गोष्टींसाठी राखून ठेवलेली असते. वॉलने हे ६१ टक्के २.४ च्या घाताने वाचले की फेट्याला कमाल प्रकाशाच्या जेमतेम ३० टक्के मिळतात. नेहमीच्या सिग्नलवर ८८ मिळाले असते. उलट, दोनच टक्के प्रकाश परत फेकणारा काळा कोट बीटी.७०९ मध्ये ९ टक्क्यांवर, तर एस-लॉग ३ मध्ये जवळजवळ १७ टक्क्यांवर येतो आणि वॉलवर चौपटीहून अधिक उजळतो. मधला, म्हणजे १८ टक्क्यांचा राखाडी दोन्ही वक्रांत ४१ टक्क्यांच्याच आसपास असल्यामुळे चेहऱ्यांची उजळता बरी वाटते आणि गडबड चटकन ध्यानात येत नाही. संगणकावर आपण कलर करेक्शन केले, तेव्हा हाच लॉग वक्र उलगडला गेला.

वॉलचा कॉन्ट्रास्ट वाढवून हे सावरण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्याने टोके ताणली जातात पण वक्राचा आकार जुळत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात साधा सिग्नल आला की वॉल भडक दिसू लागते. अनेक कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग लॉगमध्ये ठेवून केवळ एचडीएमआय आउटपुटला बीटी.७०९ चा लट, म्हणजे रूपांतराचा तक्ता, लावण्याची सोय असते. ती नसेल तर लट मिक्सरमध्ये किंवा मधल्या कन्व्हर्टरमध्ये लावावा, आणि तेही शक्य नसेल तर वॉलला जोडलेला कॅमेरा साध्या प्रोफाइलवरच चालवावा.

लट लावूनही काळा राखाडीच दिसला, तर प्रोसेसरमधील रेंजची सेटिंग तपासावी. ८ बिट व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरण्याची रूढी आहे; प्रोसेसर ० ते २५५ अशा पूर्ण रेंजवर असेल, तर १६ ला तो काळा मानत नाही. पाहुणे येण्यापूर्वी स्टेजच्या दिव्यांत एक पांढरा आणि एक काळा कपडा कॅमेऱ्यासमोर धरून हे सर्व पाच मिनिटांत पाहता येते.